मिलचा भोंगा आणि आपलं मन

"डॉक्टर, झोपच लागत नाही." "पित्त फार वाढलंय." "छातीत धडधडतं, पण ईसीजी नॉर्मल आला." अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या पेशंटना तपासून झालं, रिपोर्ट पाहून झाले की मी एक प्रश्न हमखास विचारतो : तुमचं काम किती वाजता संपतं?

प्रश्न सोपा आहे, तरी बरेच जण विचारात पडतात. कुणाचं दुकान नऊला बंद होतं, पण हिशोब अकरापर्यंत चालतो. कुणाचं ऑफिस सहाला सुटतं, पण साहेबांचे मेसेज रात्री येत राहतात. पुण्यात आयटीत असलेली मुलं म्हणतात, "संपत नाही, फक्त लॅपटॉप बंद होतो."

हाच प्रश्न पूर्वीच्या सोलापुरात मिल कामगाराला विचारला असता, तर त्याने एका शब्दात उत्तर दिलं असतं : "भोंग्याला." आज त्या भोंग्याचीच गोष्ट सांगायची आहे, कारण मनाच्या आरोग्याबद्दल तो बरंच काही शिकवतो.

भोंगा आधी फक्त बोलवायचा

1870 च्या दशकात मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली. तीच आपली जुनी मिल. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या मिल आल्या. आसपासच्या दुष्काळी गावांतून माणसं आली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारं हे शहर मिलच्या घड्याळावर चालू लागलं.

शेतात आणि हातमागावर काम होतंच, आणि कष्टही कमी नव्हते. पण तिथे थकल्यावर घटकाभर झाडाखाली बसता यायचं. मिलमध्ये यंत्राचा वेग हाच माणसाचा वेग झाला. सुरुवातीच्या काळात गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. म्हणजे भोंगा कामाला बोलवायचा, पण कामाला शेवट असा नव्हता.

तो शेवट मिळवावा लागला. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने फक्त लहान मुलांच्या कामाचे तास बांधले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांना संघटित केलं आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि 1891 च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी 12 तासांची मर्यादा 1911 मध्ये ठरली. 1922 मध्ये ती दिवसाला 11 आणि आठवड्याला 60 तास झाली, 1934 मध्ये 10 आणि 54, तर 1946 मध्ये 9 आणि 48. स्वतंत्र भारताच्या 1948 च्या कायद्यानेही हीच 48 तासांची मर्यादा कायम ठेवली.

म्हणजे आज तुम्ही रविवारी निवांत चहा पिता, त्यामागे तीन पिढ्यांची झगड आहे.

त्या लोकांची मागणी वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर होती. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये मांडलेला निष्कर्ष असा : आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी जास्त असतो. शरीरावर एवढा परिणाम होत असेल, तर मन त्यातून कसं सुटेल?

भोंगा बंद झाला तेव्हा

गोष्टीचा दुसरा भाग जास्त दुःखद आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरच्या जुन्या मिल एकेक करून बंद पडल्या. घराघरांत तेव्हा काय झालं, हे तुमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. पगार गेला हे दिसत होतं. पण त्याबरोबर आणखी काय गेलं?

त्याचं उत्तर युरोपातल्या एका गिरणीगावात सापडतं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियनथाल नावाचं गाव आहे. तिथली कापड गिरणी 1929-30 मध्ये बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावात राहून अभ्यास केला आणि तो 1933 मध्ये प्रसिद्ध केला.

वाटलं असतं, वेळ मिळाला म्हणून लोक वाचतील, फिरतील, गप्पा मारतील. झालं उलटंच. वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्याने हळूहळू, रेंगाळत चालू लागले. कित्येकांनी घड्याळ वापरणं सोडून दिलं. दिवसभर काय केलं, हे त्यांना धड सांगता येईना. बायकांना मात्र घरकाम होतंच, त्यामुळे त्यांचा दिवस तसा विस्कटला नाही.

यावरून याहोदा यांनी पुढे मांडलं की काम माणसाला पगाराशिवाय पाच गोष्टी देतं : दिवसाला एक घडी, घराबाहेरची माणसं, आपण एका मोठ्या कामाचा भाग आहोत ही भावना, समाजात ओळख आणि हातांना नियमित उद्योग. काम सुटलं की या पाचही गोष्टी एकदम सुटतात. म्हणून नोकरी गेलेला माणूस चिडचिडा होतो, घरात कोपरा धरून बसतो, तेव्हा त्याला आळशी म्हणू नका. त्याच्या मनाचे पाच आधार एकाच दिवशी निघून गेलेले असतात.

घरातच कारखाना

मिल गेल्या तरी सोलापूर कामाचंच शहर राहिलं. चादरी-टॉवेलचे यंत्रमाग आहेत, आणि घराघरांत विड्या वळणाऱ्या हजारो महिला आहेत. विडी कामगार बाईच्या घरात भोंगा कधी नव्हताच. मांडीवर सूप, एका बाजूला चुलीवरची भाजी, दुसऱ्या बाजूला मुलाचा अभ्यास. मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे थांबलं की कमाई थांबली. 1966 मध्ये विडी-सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा आला आणि घरी बसून काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानलं गेलं.

तरीही या महिलांकडे एक गोष्ट होती : एकमेकींची साथ. संघटित होऊन त्यांनी हक्काच्या घरांसाठी लढा दिला आणि कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची 10 हजार घरांची वसाहत उभी राहिली. 2006 मध्ये ती घरं त्यांच्या हाती आली. डॉक्टर म्हणून मला यात घराइतकीच दुसरी गोष्ट मोलाची वाटते. "माझंच नशीब" असं म्हणत एकटीने सोसणं आणि "आपल्या सगळ्यांचा प्रश्न" म्हणून तो मांडणं, यात मनाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता तुमच्याकडे वळू. मोबाइल आल्यापासून आपल्या सगळ्यांचंच काम घरात शिरलं आहे. विडी कामगार बाईची अडचण आता बँकेतल्या अधिकाऱ्याची, शिक्षकाची आणि सॉफ्टवेअरवाल्याचीही झाली आहे.

मग आपण काय करायचं?

• आपला भोंगा आपण ठरवा. कामाचा शेवट सांगणारी एक ठरलेली खूण हवी : फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं, कपडे बदलणं, सिद्धेश्वर तलावापर्यंत एक फेरी. रोज जमेलच असं नाही, आठवड्यात चार दिवस जमलं तरी फरक पडतो.

• पाच आधार मोजा. दिवसाची घडी, माणसं, अर्थ, ओळख, उद्योग. तुमच्या नोकरीत यातलं काय उरलंय आणि काय निसटलंय? जे निसटलं ते भजनी मंडळ, तालीम, मित्रांचा कट्टा अशा ठिकाणी मिळतं का पाहा. निवृत्त झालेल्यांनी आणि नोकरी गेलेल्यांनी हे आवर्जून करावं. उठायची वेळ मात्र बदलू नका.

• एकट्याने सोसू नका. कामाचा बोजा, अपमान, पगाराची अडवणूक यात सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. आधी विश्वासातल्या सहकाऱ्याशी बोला. जिथे चूक व्यवस्थेची आहे, तिथे नुसत्या प्राणायामाने भागत नाही.

• मालक किंवा साहेब असाल तर रात्रीचा मेसेज सकाळी पाठवा. फुकटचं औषध आहे.

• लक्षणं ओळखा. कायमचा थकवा, कामाचा तिटकारा आणि "माझ्याच्याने काही होत नाही" ही भावना, या तिन्हींना मिळून 'बर्नआउट' म्हणतात. पण सलग दोन आठवडे उदासी, कशातच रस नसणं, झोप किंवा भूक बिघडणं असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. ते औषधाने आणि समुपदेशनाने बरं होतं. झोपेसाठी किंवा ताणासाठी दारूचा आधार घेऊ नका, त्याने झोप आणि मन दोन्ही आणखी बिघडतं.

• जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच कुणाला तरी सांगा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.

आपल्या आजोबांना दिवस संपल्याचं मिलचा भोंगा सांगायचा. आपल्याला ते कुणी सांगणार नाही. म्हणून आज संध्याकाळी घड्याळ बघून स्वतःलाच सांगा : आजचं काम झालं, आता घरी.