हजेरीपटाबाहेरचा विणकर

उमरेड आज कोळशाच्या खाणीमुळे ओळखलं जातं. ब्रिटिश काळात ते रेशीमकाठी धोतरांसाठी प्रसिद्ध होतं. १८७७ मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या सुतापुढे हातसूत टिकलं नाही; पुढे यंत्रमागाने उमरेडच्या कोष्ट्यांचं आणि कामठीच्या मोमिनांचंही काम हिरावलं.

यंत्रामुळे काम गेलं आणि कमी पगारावर दुसरं धरावं लागलं, तर फरकाचा काही भाग ठरावीक काळ भरून देणं म्हणजे मजुरी विमा. आपल्याकडे त्याच्या जवळची तरतूद १९८६ ची, बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी केंद्राने काढलेला पुनर्वसन निधी. पहिल्या वर्षी मजुरीच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५.

हातमाग विणकराला त्यात जागा नव्हती. त्याचा माग घरात, हजेरी कुणी मांडत नसे. गिरणीला टाळं लागलं की बातमी होते. घरातला माग गुपचूप थांबतो. कोष्टी असो की मोमीन, चूल दोघांचीही विझली.

२०२१ पासून ई-श्रमवर असंघटित कामगारांची नोंद होते आहे. ऑटोमेशनसाठी मजुरी विमा आणायचा असेल, तर सुरुवात त्या यादीपासून व्हायला हवी.