रात्र जागवणाऱ्यांचा इतिहास

अमेरिकेतल्या अपंगांच्या हक्कांचा इतिहास आपण वाचतो तो दिवसाउजेडीचा: मोर्चे, खटले, कायद्यांवरच्या सह्या. त्याच इतिहासाचा एक भाग मात्र रात्री अकरा ते सकाळी सात या वेळात घडलेला आहे. ज्या व्यक्तीला स्वतःहून कूस बदलता येत नाही, घशातला कफ काढता येत नाही, ती इस्पितळात न राहता घरी राहणार असेल, तर रात्री तिच्याजवळ जागं कोण राहणार आणि त्या जागरणाचे पैसे कोण देणार, हा तो प्रश्न.

पेशाने मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. डॉक्टरेट केली तीही इंजिनिअरिंगमध्ये. इतिहासाशी संबंध शाळेतल्या सनावळ्यांपुरता. पण आमचा मुलगा एकवीस वर्षांचा झाला आणि त्याच्या रात्रीच्या नर्सचे तास कमी होणार असल्याचं पत्र घरी आलं. एकवीस हाच आकडा का, हे शोधत मी मागे मागे जात राहिलो. जे हाती लागलं ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

सुरुवात यंत्रापासून. पोलिओने श्वासाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांसाठी फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी 'आयर्न लंग' तयार केलं. १९२८ साली बॉस्टनच्या बालरुग्णालयात ते पहिल्यांदा वापरलं गेलं. त्यामुळे माणसं जगू लागली, पण ती यंत्राला आणि यंत्र इस्पितळाला बांधलेलं. एड रॉबर्ट्स यांना १९५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. दिवसा ते काही तास यंत्राबाहेर काढू शकत. झोपताना मात्र आयर्न लंग हवंच. १९६२ साली ते बर्कलेला शिकायला गेले तेव्हा विद्यापीठाच्या इस्पितळातल्या एका वॉर्डातच त्यांची राहायची सोय करावी लागली. १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बर्कलेत स्वतंत्र जीवनासाठीचं केंद्र उभं केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: मदतनीस कोण असावा आणि त्याने काय करावं, हे ज्याला मदत हवी त्याने ठरवायचं.

तोवर सरकारी पैशाची वाट मात्र उलट दिशेने जात होती. १९६५ साली मेडिकेड सुरू झालं. त्यात नर्सिंग होमचा खर्च राज्यांना द्यावाच लागे. घरच्या सेवेचं बरंचसं राज्यांच्या मर्जीवर. या विसंगतीला चेहरा दिला तो आयोवातल्या केटी बेकेट या मुलीने. १९७८ मध्ये जन्मलेल्या केटीला पाच महिन्यांची असताना मेंदूज्वर झाला आणि ती व्हेंटिलेटरवर गेली. पुढे ती घरी नेण्याजोगी झाली. पण नियम असा, की मूल इस्पितळात असेल तर आईवडिलांचं उत्पन्न धरायचं नाही आणि घरी नेलं तर धरायचं. म्हणजे घरी नेताच मेडिकेड बंद. इस्पितळाचा खर्च घरच्या कितीतरी पट, तरी नियम तो नियम! १० नोव्हेंबर १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत या प्रकरणाचा उल्लेख केला. लगेच नियमाला अपवाद केला गेला आणि डिसेंबरात केटी घरी आली. त्याच वर्षी राज्यांना घरच्या सेवेसाठी 'वेव्हर' घेण्याची मुभा मिळाली आणि १९८२ साली केटीसारख्या मुलांसाठीचा मार्ग कायद्यात आला. केटी ३४ वर्षं जगली. २०१२ मध्ये ती गेली.

आता एकवीसचं कोडं. १९८९ साली काँग्रेसने दुरुस्ती केली, की मेडिकेडवरच्या एकवीस वर्षांखालच्या मुलाला वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक असलेली, मेडिकेडच्या यादीत बसणारी सेवा राज्याने दिलीच पाहिजे, मग मोठ्यांना ती मिळत असो वा नसो. घरी तासन्‌तास थांबणारी नर्स त्या यादीत आहे. मोठ्यांच्या बाबतीत मात्र ती राज्याच्या इच्छेवर. म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या रात्री जो हक्क असतो, तो दुसऱ्या दिवशी सवलत होतो. मुलाचं फुप्फुस तेच, फिट्‌स त्याच, दर दोन तासांनी कूस बदलणं तेच. १९९९ च्या ओल्मस्टेड निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अपंगांना विनाकारण संस्थेत ठेवणं हा भेदभाव आहे. निकालाने दार उघडलं. पण अनेक राज्यांत वेव्हरसाठी वर्षानुवर्षांची रांग आहे.

आणि जागणाऱ्या हातांचं काय? १९७४ साली वेतन कायद्याची व्याप्ती घरकामगारांपर्यंत वाढली, तेव्हा 'सोबत' करणाऱ्यांना त्यातून वगळलं गेलं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एव्हलिन कोक या मदतनीस बाई चोवीस तासांच्या पाळ्याही करत. ओव्हरटाइमसाठी त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २००७ मध्ये एकमताने हरल्या. २०१३ साली सरकारने नियम बदलला. २०२५ मध्ये तो बदल मागे घेण्याचा प्रस्ताव आला. खुद्द न्यूयॉर्क राज्यात चोवीस तासांच्या पाळीचे तेरा तासांचेच पैसे देण्याची रीत आहे. आठ तास झोपेचे आणि तीन जेवणाचे वजा! झोप सलग पाच तास मिळाली पाहिजे ही अट आहे खरी. २०१९ साली राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने ही रीत ग्राह्य धरली. ज्या घरात सक्शनचं यंत्र रात्रीतून चार वेळा चालतं, तिथे ही सलग झोप कुठून आणायची?

आम्हा इंजिनिअर मंडळींना यंत्रावर भारी विश्वास. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं आणि आता बोटाला चिमटा लावला की रक्तातला ऑक्सिजन दिसतो. पण अलार्म हाक मारतो, कफ काढत नाही. एखादा सर्व्हर रात्री बंद पडू नये म्हणून कंपनी पाच-सहा जणांच्या पाळ्या लावते. एकावरच भार टाकला तर व्यवस्था सदोष आहे असं आम्ही लेखी देतो. घरी मात्र ३६५ रात्री एकच आई 'ऑन कॉल' असते आणि त्याला आपण माया म्हणतो. माया आहेच, पण ती पाळी आहे, हेही म्हणायला हवं. इथे आजी-आजोबा आले तरी सहसा सहा महिन्यांसाठी येतात.

या शंभर वर्षांत यंत्र घरात आलं, मग कायदा उंबरठ्यापर्यंत आला. रात्रभर जागणारं माणूस मात्र अजून कुणाच्याच हिशेबात धड बसलेलं नाही. म्हणून मंडळातल्या ज्या घरात असं मूल आहे त्यांना एकच सांगणं: राज्याच्या वेव्हरच्या यादीत नाव आजच घाला. मूल लहान आहे म्हणून थांबू नका. रांग त्याच्यासाठी थांबत नाही. आणि बाकीच्यांनी अशा घरी डबा जरूर पाठवावा, पण देताना विचारावं, "काल रात्री कोण जागलं?"