हाकललेला गव्हर्नर आणि टिकलेली बँक

अमेरिकेत मिडटर्म निवडणुका आल्या की आपली वर्तमानपत्रं त्यांना 'मध्यावधी' म्हणतात आणि दर वेळी माझा थोडा गोंधळ होतो. आपल्याकडे मध्यावधी म्हणजे सरकार पडलं, सभागृह बरखास्त झालं, चला पुन्हा मतदानाला! तिकडे तसं काही नसतं. राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीत बरोब्बर मध्यावर, ठरलेल्या तारखेला ही निवडणूक होते. सरकार पडत नाही, पण लोकांचा मूड मात्र कळतो.

तर आज अशाच एका मिडटर्मबद्दल लिहितोय. साल १९१८, राज्य नॉर्थ डाकोटा. कॅनडाला चिकटलेलं, कडाक्याच्या थंडीचं, गव्हाचं राज्य. आकाराने काही लहान नाही, पण वस्तीने अगदीच लहान. १९२० च्या जनगणनेत सगळ्या राज्याची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत होती, आणि त्यातले बहुतेक लोक खेड्यापाड्यात आणि शेतावर राहणारे.

या शेतकऱ्यांचं दुखणं काय होतं? गहू त्यांचा, पण बाकी सगळं दुसऱ्याचं. रेल्वे बाहेरच्या कंपन्यांची. कर्ज देणाऱ्यांची सूत्रंही पुष्कळदा बाहेरच्यांच्याच हातात. धान्याची कोठारं (यांना तिकडे एलेव्हेटर म्हणतात, लिफ्टशी गल्लत नको) बऱ्याच ठिकाणी मिनियापोलिसच्या व्यापाऱ्यांच्या साखळीतली. माल घेऊन गेलं की प्रत ठरवणार तोच, वजन करणार तोच आणि भाव सांगणार तोच. दाणा जरा बारीक दिसला की खालची प्रत. एडविन लॅड नावाचा तिथल्या कृषी महाविद्यालयातला रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने असा 'हलका' ठरवलेला गहू दळून, त्याची भाकरी, म्हणजे ब्रेड भाजून दाखवून दिलं की पीठ चांगलं निघतं. म्हणजे शेतकऱ्याला पैसे जनावरांच्या चाऱ्याचे, आणि पुढे विक्री माणसांच्या खाण्याची!

शेतकऱ्यांची मागणी साधी होती. राज्याने स्वतःचं एलेव्हेटर बांधावं. मतदारांनी १९१२ आणि १९१४ साली त्यासाठी घटनादुरुस्तीला मंजुरीही दिली होती. तरी १९१५ मध्ये विधिमंडळाने ती मागणी फेटाळली. 'घरी जा आणि डुकरांना खायला घाला' असं एका आमदाराने शेतकऱ्यांना सुनावलं, अशी दंतकथा आहे. त्या आमदाराने ते शेवटपर्यंत नाकारलं. पण राज्यभर लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, यातच सगळं आलं.

त्याच वर्षी आर्थर टाउनली पुढे आला. जवसाच्या शेतीत कर्जबाजारी झालेला, बोलण्यात वस्ताद माणूस. त्याने 'नॉनपार्टिझन लीग' काढली. त्याचे कार्यकर्ते फोर्ड गाडीतून शेतोशेत हिंडत आणि वर्गणी गोळा करत. शेतकऱ्याच्या हातात रोख नसली तर पुढच्या तारखेचा चेक घेत, सुगी झाल्यावर वटवायचा. नवा पक्ष काढण्याच्या भानगडीत टाउनली पडलाच नाही. तिथे पक्षाचा उमेदवार मतदार स्वतःच प्राथमिक निवडणुकीत ठरवत. म्हणून लीगने राज्यात बलाढ्य असलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक फेरीतच आपली माणसं उभी केली, आणि ती निवडूनही आणली.

१९१६ मध्ये लीगचा लिन फ्रेझियर गव्हर्नर झाला. (गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारं पद.) हा शेतकरी गडी विद्यापीठातून पदवी घेतलेला आणि कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कप्तान राहिलेला. त्याला शेकडा ७९ च्या आसपास मतं पडली.

आता वाटेल, झालं काम. पण नाही! खालचं सभागृह लीगचं झालं, तरी सिनेटचे निम्मे सदस्य आधीच्या निवडणुकीतले, त्यांची मुदत अजून संपलेली नव्हती. १९१७ मध्ये खालच्या सभागृहाने मोठा मसुदा मंजूर केला आणि तो सिनेटमध्ये अडकला. लाट आली म्हणून एका दमात सगळं बदलू नये, यासाठीच अशी व्यवस्था केलेली असते. मला ती त्रासदायक वाटते आणि शहाणपणाचीही वाटते. असो.

म्हणून खरी परीक्षा १९१८ ची. विल्सनच्या मुदतीतली मिडटर्म, तारीख ५ नोव्हेंबर. पहिलं महायुद्ध संपायला सहा दिवस होते आणि फ्लूची साथ जोरात होती. लीगवाले देशद्रोही, जर्मनांचे मित्र, असा प्रचार चालला होता. शेजारच्या मिनेसोटात तर कित्येक ठिकाणी त्यांच्या सभांवर बंदी होती. देशपातळीवर विल्सनच्या डेमोक्रॅटिक पक्षाने दोन्ही सभागृहं गमावली. नॉर्थ डाकोटात मात्र फ्रेझियर पुन्हा निवडून आला, दोन्ही सभागृहं लीगकडे आली आणि घटनादुरुस्त्याही मंजूर झाल्या.

मग १९१९ च्या एका अधिवेशनात त्यांनी धडाका लावला. राज्याची बँक, राज्याची पिठाची गिरणी आणि एलेव्हेटर, गारपिटीचा विमा, कामगारांना अपघाताची भरपाई. विरोधकांनी सार्वमत मागितलं, तर जूनमध्ये लोकांनी हे कायदे पुन्हा उचलून धरले. 'बँक ऑफ नॉर्थ डाकोटा' जुलै १९१९ मध्ये, वीस लाख डॉलरच्या भांडवलावर सुरू झाली.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बँकेचे रोखे घ्यायला मोठे सावकार तयार होईनात. १९२० च्या शरदात गव्हाचे भाव कोसळायला लागले. लीगमध्ये फूट पडली, कारभारातल्या चुका बाहेर आल्या. त्या नोव्हेंबरात फ्रेझियर कसाबसा जिंकला, पण खालचं सभागृह गेलं. त्यातच लीगच्याच पुढाकाराने राज्यघटनेत 'रिकॉल' आला होता, म्हणजे निवडून दिलेल्याला मुदतीआधी परत बोलावण्याचा अधिकार. विरोधकांनी नेमकं तेच हत्यार उचललं. २८ ऑक्टोबर १९२१ ला साधारण चार हजार मतांनी फ्रेझियर गेला. असा परत बोलावलेला तो अमेरिकेतला पहिला गव्हर्नर. दुसरा निघायला २००३ साल उजाडावं लागलं, कॅलिफोर्नियात.

आता गंमत बघा. त्याच दिवशी, त्याच मतदारांपुढे बँक मोडीत काढण्याचाही प्रस्ताव होता. तो पडला! माणसं बदला, पण बँकेला हात लावू नका, असा तो निकाल. गिरणी १९२२ मध्ये ग्रँड फोर्क्सला सुरू झाली, तीसुद्धा फ्रेझियरला हरवून आलेल्या नेस्टॉसच्या कारकिर्दीत.

आणि त्याच १९२२ च्या मिडटर्ममध्ये, हाकलल्याला जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा, जुन्या मुरलेल्या सिनेटर मॅककंबरला प्राथमिक फेरीत हरवून फ्रेझियर थेट वॉशिंग्टनच्या सिनेटवर निवडून गेला. तिथे तो अठरा वर्षं टिकला.

निकालाच्या रात्री टीव्हीवर 'जनतेने अमुक नाकारलं, तमुक स्वीकारलं' असं ऐकलं की मला हे राज्य आठवतं. १९२१ चा आकडा एकटा पाहिला असता तर कुणीही म्हटलं असतं, लीग संपली, तिचा विचार संपला. पण त्या गव्हाच्या शेतकऱ्यांनी एकाच दिवशी दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं दिली होती. कारभार करणाऱ्यांवर ते चिडलेले होते. गव्हाची प्रत कोण ठरवणार आणि कर्ज कोण देणार, हे मात्र ते विसरले नव्हते.

ती बँक आजही चालू आहे. राज्य सरकारचा पैसा तिच्यात ठेवला जातो आणि गावोगावच्या छोट्या बँकांच्या जोडीने ती कर्जं देते. गिरणीही चालू आहे, देशातल्या सगळ्यात मोठ्या पिठाच्या गिरण्यांपैकी एक. शंभर वर्षांत तिथे किती गव्हर्नर आले आणि गेले, बहुतेक जण खासगी उद्योगाचे कट्टर समर्थक. पण दोन्ही मोडायचं कुणाला जमलेलं नाही.