एकाच जेवणाच्या भिन्न साक्षी

१. प्रश्न

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला नापा व्हॅली हा द्राक्षमळ्यांचा आणि वाइनचा प्रदेश आहे. तिथल्या यॉन्टव्हिल या लहानशा गावात ‘द फ्रेंच लाँड्री’ हे रेस्टॉरंट एका जुन्या दगडी इमारतीत चालते. या इमारतीत कधीकाळी दारूचा गुत्ता होता आणि नंतर वाफेवर कपडे धुण्याचा व्यवसाय. नाव तिथूनच राहिले. डॉन आणि सॅली श्मिट या दांपत्याने १९७८ मध्ये इथे रेस्टॉरंट सुरू केले आणि १९९४ मध्ये थॉमस केलर यांनी ते विकत घेतले. २००३ आणि २००४ अशी सलग दोन वर्षे ते जगातील सर्वोत्तम ५० रेस्टॉरंटांच्या यादीत पहिले होते. मिशेलिनचे तीन तारेही त्याला मिळाले. इथे माणशी साडेतीनशे डॉलरांहून अधिक मोजावे लागतात, तेही बरेच आधी भरून. वाइनचा खर्च वेगळा.

अशा ठिकाणाहून जेवून आलेला एक जण म्हणतो, ‘आयुष्यात असे जेवलो नव्हतो’. दुसरा म्हणतो, ‘पैसे पाण्यात गेले’. दोघेही प्रामाणिक असतात. मग खरे काय? ‘ज्याची त्याची आवड’ हे उत्तर सोपे आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही. माझे म्हणणे असे, की या मतभेदाचे चार थर आहेत आणि ते वेगळे करता येतात. पानात काय पडले, जिभेला काय कळले, मनाने काय धरून ठेवले होते आणि स्मृतीत काय उरले, हे ते चार थर. प्रशंसा आणि तक्रार बहुधा वेगवेगळ्या थरांवरची असतात, त्यामुळे त्यांचा सामना होतच नाही.

२. पहिला थर : पानात काय पडले

केलर यांच्या स्वयंपाकाचा पाया एका विचारावर आहे. कोणत्याही पदार्थाचे पहिले एक-दोन घास सर्वाधिक सुख देतात, पुढे जीभ सरावते आणि सुख घटते. म्हणून पदार्थ अनेक आणि प्रत्येकाचा घास लहान. पुढचा घास हवाहवासा वाटत असतानाच ताटली उचलली जाते. रोज नऊ-दहा पदार्थांची अशी मालिका काढायची तर चुकीच्या जागाही वाढतात. एखादी ताटली दोन मिनिटे उशिरा पोचली, की तिच्यातला ऊन-गारपणाचा मेळ बिघडतो. त्यामुळे एकाच आठवड्यात जेवलेल्या दोघांना खरोखर वेगळे जेवण मिळालेले असू शकते.

यापेक्षा गंभीर कारण आहे पंक्तिप्रपंच. न्यू यॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ रायकल यांनी १९९३ मध्ये न्यू यॉर्कच्या ‘ल सर्क’बद्दल लिहिलेला लेख यासाठी आजही वाचावा. वेष बदलून, अनोळखी म्हणून गेल्यावर त्यांना ताटकळत ठेवले गेले आणि गैरसोयीची जागा मिळाली. ओळख पटल्यावर मात्र टेबल तत्काळ मिळाले, गोड पदार्थावरच्या रासबेऱ्यासुद्धा मोठ्या आल्या. रायकल यांनी दोन्ही अनुभव शेजारी शेजारी छापले आणि चार तारे असलेल्या त्या रेस्टॉरंटला तीन दिले. इथे मतभेद रुचीचा नव्हता, वागणुकीचा होता. आवडीनिवडीची सबब सांगून तो झाकता येत नाही.

केलर यांच्याही वाट्याला असा प्रसंग आला. त्यांच्या न्यू यॉर्कमधल्या ‘पर से’ला टाइम्सने २०११ मध्ये चार तारे दिले होते. जानेवारी २०१६ मध्ये त्याच वृत्तपत्राचे समीक्षक पीट वेल्स यांनी ते दोनवर आणले. त्यावर केलर यांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. समीक्षकाची रुची वेगळी आहे, असा बचाव त्यांना करता आला असता. तो न करता त्यांनी दोष पहिल्या थरातला मानला, हे मला फार मोलाचे वाटते.

३. दुसरा थर : जिभेला काय कळले

सारखीच ताटली दोघांपुढे ठेवली तरी दोन जिभा सारख्या नसतात. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या अमेरिकी रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी या संयुगाची पूड हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्स यांना काहीच लागली नाही. हा फरक आनुवंशिक आहे आणि त्यामागच्या जनुकाचा छडा पुढे लागला. एखादी कडसर भाजी एकाला रुचकर आणि दुसऱ्याला असह्य का लागते, याचे एक कारण इथे सापडते.

वाइनच्या प्रदेशात यात आणखी एक भर पडते. पाहुणा दिवसभर द्राक्षमळ्यांत वाइन चाखत हिंडलेला असतो. तांबड्या वाइनमधले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे, तुरट पडते. शिवाय मद्यामुळे शिणवटा येतो तो वेगळाच. संध्याकाळी नाजूक चवींची मालिका समोर येते तेव्हा दमलेली जीभ ती अर्धीच वाचते. ‘पदार्थ सपक होते’ या तक्रारीत हा वाटा किती, हे तक्रार करणाऱ्यालाही ठाऊक नसते.

तज्ज्ञही यातून सुटत नाहीत. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया राज्य मेळ्यातल्या वाइन-परीक्षकांपुढे एकाच बाटलीतली वाइन न सांगता पुनःपुन्हा ठेवली. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की स्वतःचाच निर्णय बऱ्यापैकी सातत्याने पुन्हा देऊ शकणारा परीक्षक दहात एखादाच होता. एका माणसाचे एका संध्याकाळचे मत किती वजनाचे धरावे, याचा हा इशारा आहे.

४. तिसरा थर : मनाने काय धरून ठेवले होते

किंमत चवीत उतरते. हिल्के प्लासमन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली गेली. महाग म्हटलेली वाइन लोकांना जास्त आवडली आणि सुखाच्या अनुभवाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे ते सुख ढोंगाचे नव्हते, खरे होते.

पण किंमत उलटही फिरते. मानसशास्त्रज्ञ सांगतात, की अपेक्षा आणि अनुभव यांत थोडेच अंतर असेल तर मन अनुभवाला अपेक्षेकडे ओढते. अंतर मोठे असेल तर ते आणखी मोठे करून पाहते. फार महागड्या जेवणाबद्दल मधली मते कमी आणि टोकाची जास्त ऐकू येतात, ती माझ्या मते यामुळेच.

ओळखीच्या पदार्थाची अपेक्षा हा याचाच एक भाग. फ्रेंच लाँड्रीचा सर्वांत गाजलेला पदार्थ ‘ऑयस्टर्स अँड पर्ल्स’ हा आहे. अंड्याच्या मऊसूत सॉसमध्ये शिजलेले टॅपिओकाचे मोती, त्यावर कालवे आणि स्टर्जन माशाची अंडी. ते मोती म्हणजे आपला साबुदाणाच. ज्याने उपवासाची खिचडी जन्मभर खाल्ली, त्याच्या जिभेवर आठवणींची सगळी साखळी जागी होते आणि कालवांशेजारी साबुदाणा त्याला विलक्षण किंवा विपरीत वाटतो. अमेरिकी पाहुण्याला असा प्रश्नच पडत नाही.

आपल्या रसचर्चेने हा थर फार पूर्वी ओळखला होता. नाट्यातला रस समजावून सांगताना भरताने दृष्टांत घेतला तो जेवणाराच, पण प्रसन्न मनाचा जेवणारा. अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्ने सांगितली. त्यांतले एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणे. बिलाची धाकधूक, लग्नाच्या वाढदिवसाचे दडपण, कोणता काटा कधी उचलायचा याचा संकोच, ही सगळी त्या विघ्नाचीच रूपे. मात्र या विघ्नावरचा उपाय अभिनवगुप्त प्रेक्षकावर सोपवत नाही. संगीत आणि सजवलेला मंडप यांची योजना त्यासाठीच असते, असे तो सांगतो. ती जबाबदारी प्रयोग करणाऱ्याची. हाच न्याय रेस्टॉरंटला लागतो. संकोचलेल्या पाहुण्याला मोकळे करणे हा वाढप्याच्या कामाचा गाभा आहे.

५. चौथा थर : स्मृतीत काय उरले

तीन-चार तासांचे जेवण कोणालाच सगळे आठवत नाही. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना थंडगार पाण्यात हात बुडवायला लावले. एकदा ६० सेकंद आणि एकदा तेवढेच ६० सेकंद, वर आणखी ३० सेकंद किंचित कमी गार पाण्यात. दुसऱ्या खेपेत एकूण त्रास जास्त होता, तरी बहुतेकांनी पुन्हा करायला तीच निवडली, कारण शेवट सुसह्य होता. स्मृती कळस आणि शेवट धरते, कालावधी सोडून देते. म्हणून नऊ उत्तम पदार्थांनंतर बिलाच्या वेळी झालेले दुर्लक्ष सगळ्या जेवणावर पसरते, आणि निरोपाच्या वेळचा एखादा आपुलकीचा शब्द मधली कंटाळवाणी अर्धी घटका पुसून टाकतो.

६. निर्णय कसा करावा

यातून वाचणाऱ्यासाठी आणि सांगणाऱ्यासाठी एक शिस्त निघते. साक्ष ऐकताना आधी विचारावे, ही कोणत्या थराची आहे? ‘मासा गार आला’, ‘शेजारच्या टेबलाला दिले ते आम्हाला विचारलेही नाही’ ही पहिल्या थरातली विधाने आहेत. ती तपासता येतात, आणि अशी थोडी साक्षही गंभीरपणे घ्यावी लागते. ‘चव पोचली नाही’ हे दुसऱ्या थरातले मत. अशी अनेक मते जुळली तरच त्यातून काही सिद्ध होते. ‘एवढ्या पैशांच्या लायकीचे नव्हते’ हे तिसऱ्यातले. ते बोलणाऱ्याच्या खिशाबद्दल आणि अपेक्षेबद्दलही तेवढेच सांगते. ‘एकंदरीत मजा नाही आली’ हे चौथ्यातले, आणि त्याचे वजन सर्वांत कमी. यांची सरासरी काढून ताऱ्यांचा आकडा ठरवणे मला अशास्त्रीय वाटते, कारण त्या बेरजेत वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र होतात.

रेस्टॉरंटच्या जबाबदारीचा क्रमही यातून ठरतो. पाहुण्याची जीभ त्याच्या हाती नाही. मन आणि स्मृती काही अंशी आहेत. पान मात्र पूर्णपणे त्याच्या हाती आहे. म्हणून थोरवी मोजायची तर मान्यवराला मिळालेल्या सर्वोत्तम संध्याकाळीवर मोजू नये. ज्याला तिथे कोणी ओळखत नाही, ज्याने वर्षभर साठवलेल्या पैशांतून आगाऊ रक्कम भरली आहे आणि ज्याला कोपऱ्यातले टेबल मिळाले आहे, त्याच्या पानात काय पडले, यावर मोजावी. त्या पानात कसूर नसेल, तर उरलेले मतभेद माणसामाणसांतल्या वेगळेपणाचे आहेत आणि ते खुशाल असू द्यावेत.