आकस्मिक संगणक-स्थगन

संगणक-स्थगन, आकस्मिक : घरगुती संगणकावर खेळ चालू असता, पूर्वसूचनेवाचून आणि कोणत्याही एका ठरावीक कृतीशी संबंध जोडता येऊ नये अशा रीतीने, संपूर्ण यंत्रणा गोठणे, बंद पडणे किंवा आपोआप पुन्हा सुरू होणे या प्रकाराला ही संज्ञा लावतात, बोलताना यालाच ‘पीसी क्रॅश होतो’ किंवा ‘ब्लू स्क्रीन येतो’ असे म्हणतात. एकटा खेळच मिटून वापरणारा डेस्कटॉपवर परत येतो, तो प्रकार यापासून निराळा धरण्याची वहिवाट आहे. तथापि दोहोंचे मूळ पुष्कळदा एकच असते, आणि एकटा खेळ मिटण्याकडे खेळातली चूक म्हणून दुर्लक्ष केल्यामुळे संपूर्ण यंत्राच्या स्थगनाचा तपास महिनोन्‌महिने लांबतो. खेळासाठी जुळवलेल्या यंत्रात ही व्याधी अधिक आढळते याचे कारण असे की, त्याचे भाग निरनिराळ्या उत्पादकांचे असून मालकाने किंवा दुकानदाराने ते एकत्र आणलेले असतात, त्यांतील प्रत्येक भाग आपल्या क्षमतेच्या वरच्या टोकाशी राबत असतो, आणि खेळातील प्रत्येक दृश्यागणिक विजेची मागणी चढत-उतरत राहते. कार्यालयीन कामात असा ताण कधी येतच नाही.

निळा पडदा म्हणजे यंत्राचा नाश नव्हे. प्रचालन प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, आपल्या स्मृतीतील किंवा हिशेबातील विसंगती जेव्हा लक्षात येते, तेव्हा पुढे चालत राहून डिस्कवरील दस्तऐवज बिघडवण्यापेक्षा जागच्या जागी थांबणे तो श्रेयस्कर मानतो, आणि थांबण्यापूर्वी आपल्या अवस्थेचा शक्य तेवढा दाखला लिहून ठेवतो. १९९३ साली निघालेल्या विंडोज एनटीपासून हा शिरस्ता चालू आहे. २०२५ साली विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टने या पडद्याचा रंग निळ्याचा काळा केला, परंतु आशय तोच राहिला. संगणक का थांबतात या प्रश्नाचा मूलगामी विचार टँडेम कंपनीतील जिम ग्रे यांनी १९८५ सालच्या आपल्या अहवालात केला, आणि हवा तेव्हा पुन्हा घडवून दाखवता येणारे दोष व पाहू जाता नाहीसे होणारे दोष असा जो भेद त्यांनी मांडला, तो आजही प्रत्येक तपासाचा पाया ठरावा अशा योग्यतेचा आहे. दुसऱ्या वर्गातील दोष अकारण घडतात असे नाही. ज्या परिस्थितीत ते घडतात ती आपल्याला अजून ठाऊक झालेली नसते, इतकेच.

पुरावा दोन ठिकाणी सापडतो. पहिली विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही नोंदवही, आणि दुसरी ‘विंडोज’ या फोल्डरातील ‘मिनिडंप’ नावाचा कप्पा, जेथे प्रत्येक निळ्या पडद्यासमयीचे संक्षिप्त टिपण साठते व ‘विनडीबीजी’ या साधनाने ते वाचता येते. नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ ही ओळ दिसताच एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा भाग, बदलून टाकण्याची घाई अनेकजण करतात, आणि ती सर्वस्वी अनाठायी आहे. कारण मागील वेळी यंत्र रीतसर बंद झाले नाही एवढेच ती ओळ सांगते, आणि तीही यंत्र पुन्हा सुरू झाल्यानंतर लिहिलेली असते. मात्र त्याच नोंदीचा तपशील उघडून पाहिल्यास आत ‘बगचेक कोड’ हा रकाना सापडतो. तेथे शून्य असेल तर कर्नलला थांबण्याची संधीच मिळाली नाही, म्हणजे वीज एकाएकी तुटली किंवा यंत्र मुळापासून गोठले, असे अनुमान निघते. आणि आकडा असेल तर तो दशमान पद्धतीतला असल्यामुळे षोडशमानात उतरवून घ्यावा लागतो, जसे २९२ म्हणजे १२४, आणि १२४ हा हार्डवेअरनेच कळवलेल्या, दुरुस्त न होऊ शकलेल्या चुकीचा संकेत होय. या एका रकान्याने तपासाची दिशा निम्म्याने ठरते, आणि तरीही तो उघडून पाहणारे फार थोडे असतात याचा खेद वाटतो.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. पडद्यावरील संकेत किंवा टिपणात आढळणारे फाइलीचे नाव ही साक्षीदाराची जबानी होय; चूक कोठे उघडकीस आली हे ती सांगते, चूक कोणी केली हे सांगेलच असे नाही. स्मृतीतील एक बिट उलटला तर जो ड्रायव्हर त्या पत्त्यावरून मजकूर वाचावयास जाईल त्याचे नाव अपराध्याच्या रकान्यात पडते. आज ध्वनीचा ड्रायव्हर, उद्या नेटवर्कचा, परवा प्रचालन प्रणालीचीच फाइल, अशी दर वेळी नवी नावे निघू लागली की दोष त्यांच्यापैकी कोणाचाही नसून त्यांच्या खालच्या थरातला आहे असे समजावे.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांचे प्रकरण. कोअर आय९-१३९००के, १४९००के यांसारख्या महागड्या चिपा बसवलेल्या यंत्रांवर, विशेषतः अनरियल इंजिनावर रचलेले खेळ सुरू होताना शेडर, म्हणजे दृश्य रंगवणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, तयार होण्याच्या टप्प्यावर कोसळत, आणि पडद्यावर व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येई. साहजिकच लोक ग्राफिक्स कार्डावर संशय घेत. २४ गिगाबाइट मेमरीचे कार्ड असलेला मनुष्यही ते कार्ड काढून तपासणीस पाठवी, ड्रायव्हर पुसून नव्याने घाली, विंडोज पुन्हा बसवी, आणि पहिले पाढे पंचावन्न. वस्तुतः त्या टप्प्यावर शेडर उलगडण्याचे काम प्रोसेसरचे सर्व गाभे एकाच वेळी पूर्ण जोराने करतात, त्यात एखाद्या गाभ्याची गणिती चूक होते, आणि उलगडलेला मजकूर बिघडलेला निघाल्यावर खेळ त्या अपयशाचे नाव भलतेच लावतो. संपीडनाची ‘ऊडल’ ही प्रणाली बनवणाऱ्या रॅड या संस्थेने २०२४ च्या पूर्वार्धात दोष आपल्या प्रणालीचा नसून हार्डवेअरचा आहे असे जाहीर केले. कारण उलगडण्याच्या कामात चूक तत्काळ उघडी पडते, इतर ठिकाणी ती निमूट पचून जाते.

इंटेलने त्या वर्षीच्या जुलै महिन्यात, चिपेतील मायक्रोकोड गरजेपेक्षा अधिक विद्युत्‌दाब मागतो हे मान्य केले. ऑगस्टमध्ये १२९ क्रमांकाच्या मायक्रोकोडने ती मागणी १.५५ व्होल्टांच्या आत बांधली. आणि सप्टेंबरमध्ये मूळ कारण सांगितले ते असे की, वाढत्या दाबाने व उष्णतेने गाभ्यातील घड्याळ-संकेत वाहून नेणाऱ्या मंडलाचा भाग अकाली झिजतो, परिणामी चिपेला स्थिर राहण्यासाठी लागणारा किमान दाब हळूहळू वर सरकतो. यंत्र पहिले सहा महिने बिनतक्रार चालले आणि मग कोसळू लागले, या अनेकांच्या अनुभवाचा उलगडा यात आहे. झीज भरून येत नाही; हा मायक्रोकोड असलेला नवा बायोस चढवल्याने निरोगी चिपेचे रक्षण होते, परंतु झिजलेली चिप बदलूनच घ्यावी लागते, आणि त्यासाठी बॉक्समध्ये मिळालेल्या या प्रोसेसरांच्या वॉरंटीची मुदत कंपनीने दोन वर्षांनी वाढवली. जुन्या बाजारातून या पिढ्यांची चिप घेणाऱ्याने ती पूर्वी कोणत्या बायोसवर किती काळ चालली याची खातरजमा केल्यावाचून पैसे मोजू नयेत.

प्रोसेसरचा दोष विरळा, रॅमचा नित्याचा. १९७८ साली इंटेलमधील टिमथी मे यांनी चिपेच्या वेष्टनातील युरेनियम-थोरियमच्या अंशांतून निघणारे आल्फा कण स्मृतीतील बिट उलटवतात हे दाखवल्यापासून असल्या चुकांचा दोष किरणोत्सर्गाच्या माथी मारण्याचा प्रघात पडला. पण गूगलच्या यंत्रांचे २००९ सालचे अध्ययन पाहता दरवर्षी शेकडा ८ हून अधिक मेमरी पट्ट्यांत चुका आढळल्या आणि त्यांत पट्टीतील कायम दोषांचाच भाग मोठा होता. घरगुती यंत्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. डीडीआर५ पट्टीच्या खोक्यावर ६००० हा आकडा छापलेला असतो तो एक्सएमपी किंवा एक्स्पो या प्रोफाइलचा, आणि तो गाठण्याची हमी पट्टीच्या उत्पादकाची असते, प्रोसेसरची नव्हे. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेत अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांना ५२०० आहे, आणि चार पट्ट्या बसवल्या की ती ३६०० वर उतरते. ‘पुढे-मागे आणखी दोन टाकू’ या हिशेबाने घेतलेल्या यंत्राला नेमके त्या दिवसापासून झटके येऊ लागतात. म्हणून पहिली कृती ही की, बायोसमध्ये जाऊन ते प्रोफाइल बंद करावे आणि काही दिवस यंत्र मूळ गतीवर चालवावे. त्यानंतर मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवरून, विंडोजच्या बाहेर, रात्रभर चालवावे. तेथे लाल अक्षरांत एक जरी चूक उमटली तरी पट्टी, स्लॉट किंवा प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रक यांपैकी काहीतरी सदोष आहे हे निश्चित, आणि मग एकेक पट्टी एकाच स्लॉटात घालून पाहत गेल्यास कसूर कोणाची ते ठरते. पट्टी बसवताना दोन्ही टोके समान दाबली पाहिजेत, आणि ज्या मदरबोर्डावर खिटी एकाच बाजूस असते तेथे दुसरे टोक किंचित उचललेले राहून जाते. बाहेरून ते दिसत नाही, बोट फिरवून पाहावे लागते.

विजेचा विचार हार्डवेअरात सर्वांत दुर्लक्षित राहतो. एटीएक्स मानकाच्या जुन्या आवृत्त्यांनुसार १२ व्होल्टांच्या वाहिनीने ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान राहावयाचे असते. मल्टिमीटर तेथे सुस्थिर ११.९ दाखवतो आणि परीक्षक निश्चिंत होतो, परंतु ग्राफिक्स कार्ड सेकंदाच्या लहानशा अंशापुरती आपल्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास वीज ओढते, ते मल्टिमीटरच्या नजरेत येत नाही, आणि जुन्या एसएमपीएसचे संरक्षक मंडल तेवढ्यावरच तुटते. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने १०० मायक्रोसेकंदांपुरता निर्धारित क्षमतेच्या दुप्पट भार सोसण्याची अट घातली ती याच कारणास्तव. त्याच मानकाबरोबर आलेली सोळा टोकांची जोडणी पूर्ण न बसल्यास तापून वितळते असे आढळल्यावर २०२३ साली तिच्या संवेदक पिना आखूड करण्यात आल्या, जेणेकरून अर्धवट बसलेल्या जोडणीतून कार्ड वीज घेणारच नाही.

महाराष्ट्रातील घरांत याला भिंतीपलीकडची बाजूही आहे. नाममात्र २३० व्होल्टांचा पुरवठा वळवाच्या दिवसांत डगमगतो. वीज गेली की इन्व्हर्टर भार उचलतो, पण तो यूपीएस मोडवर नसेल तर त्या बदलाला लागणारा वेळ एसएमपीएसच्या साधारण १७ मिलिसेकंदांच्या धारणकालापेक्षा अधिक ठरतो आणि संगणक झटकन पुन्हा सुरू होतो, घरातले दिवे मात्र लुकलुकून राहतात. चौकोनी लहरी देणारा स्वस्त यूपीएसही आधुनिक एसएमपीएसला मानवेलच असे नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या एक्स्टेंशनमध्ये बसवण्यासाठी अर्थिंगची पिन तोडलेली असेल तर बाकी सर्व तपास तहकूब ठेवून प्रथम ते नीट करून घ्यावे.

उष्णतेला मात्र तिच्या वाट्यापेक्षा अधिक दोष दिला जातो. इंटेलच्या वर सांगितलेल्या १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सियस, बहुतेक रायझेन ७००० प्रोसेसरांची ९५. त्या टोकाशी पोचल्यावर चिप आपली गती उतरवते, कोसळत नाही. विदर्भातील मे महिन्यातही कॅबिनेटची धूळ काढून थर्मल पेस्ट नवी केल्याने खेळ गुळगुळीत चालेल, पण आकस्मिक स्थगन त्याने थांबेलच अशी आशा धरू नये.

ड्रायव्हरांबाबत दोनच गोष्टी. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत उत्तर न दिल्यास विंडोज ते आपण होऊन पुन्हा सुरू करते, व्हिस्टापासून ही तरतूद आहे, आणि ती निष्फळ झाली की ११६ हा संकेत येतो. दुसरे असे की, कर्नलच्या अंमलात चालणारी कोणतीही आज्ञावली, मग ती विषाणूरोधक असो वा खेळातील लबाडी पकडणारी, संपूर्ण यंत्र पाडू शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अद्यतनाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे थांबवली तेव्हा हे साऱ्या जगाने पाहिले.

तपासाची शिस्त एवढीच की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदल तारखेसह लिहून ठेवावा. जो मनुष्य एकाच दुपारी बायोस बदलतो, ड्रायव्हर बदलतो, रॅम साफ करतो आणि केबलही फिरवतो, त्याचे यंत्र सुधारले तरी कशाने सुधारले ते त्याला कळत नाही, आणि दोष परतला की तो पुन्हा पहिल्या पायरीवर असतो. जे स्थगन आठवड्यातून एकदा येते त्याच्या उपायाची परीक्षा एका संध्याकाळी होत नाही. किमान तीन-चार आठवडे वाट पाहणे भाग असते. प्राइम९५ किंवा ओसीसीटी यांसारख्या साधनांनी भार लादून तो काळ आखूड करता येतो, परंतु अखंड समान भाराला टिकणारे यंत्र खेळाच्या चढउतारात कोसळताना आढळते, त्यामुळे अशी चाचणी उत्तीर्ण झाली म्हणून निर्दोषत्व सिद्ध होत नाही; ती अनुत्तीर्ण झाली तर मात्र दोष सिद्ध होतो.

भाग वॉरंटीत परत करण्याची वेळ येते तेव्हा अडचण ही की, दुकानदाराच्या टेबलावर यंत्र अर्धा तास सुरळीत चालते आणि ‘काही दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह परत येते. याकरिता यंत्रासोबत मिनिडंपमधील फाइली, मेमटेस्टच्या पडद्याचे छायाचित्र, बायोसची आवृत्ती, बदलांची तारीखवार नोंद आणि दोष लवकरात लवकर कोणत्या खेळाच्या कोणत्या टप्प्यावर उमटतो याचे लेखी वर्णन द्यावे, आणि त्या कागदाची एक प्रत पोच घेऊन आपल्यापाशी ठेवावी.