शस्त्रक्रिया-फलितांचे मूल्यमापन

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची पुढे काय स्थिती होते याची पद्धतशीर नोंद ठेवणे आणि निरनिराळ्या रुग्णालयांतील फलितांची तुलना करून उपचारांचा दर्जा सुधारणे, यास शस्त्रक्रिया-फलितांचे मूल्यमापन म्हणतात. मृत्यू, जखमेतील जंतुसंसर्ग, पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया, रुग्णाची कार्यक्षमता इत्यादींचा त्यात विचार होतो. शस्त्रक्रियेचे खरे यश रुग्ण घरी परतून काही काळ लोटल्यावरच ठरविता येते, हे या संशोधनाचे मूलतत्त्व होय. ते वैद्यक व्यवसायात मान्य होण्यास मात्र दीर्घ काळ लागला.

ईथर (१८४६) व क्लोरोफॉर्म (१८४७) यांच्या वापरामुळे वेदनारहित शस्त्रक्रिया शक्य झाल्या. परंतु जखमा चिघळून होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडेवारी ठेवावी, असा आग्रह धरला. १८६९ मध्ये जेम्स यंग सिम्पसन (१८११–७०) यांनी अवयवच्छेदनाच्या शस्त्रक्रियांची तुलना प्रसिद्ध केली. मोठ्या रुग्णालयांतील २,०८९ रुग्णांपैकी ८५५ दगावले होते, तर ग्रामीण भागात खासगी वैद्यांनी शस्त्रक्रिया केलेल्या २,०९८ रुग्णांपैकी २२६ दगावले होते. दोन्हीकडील रुग्ण सारखे नसल्याने ही तुलना न्याय्य नाही, असा आक्षेप लगेच घेतला गेला. हाच आक्षेप पुढे शतकभर या विषयाचा मध्यवर्ती प्रश्न राहिला. जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) यांनी ग्लासगो येथे जंतुनाशक पद्धतीपूर्वीच्या ३५ अवयवच्छेदनांत १६ आणि नंतरच्या ४० मध्ये ६ मृत्यू झाल्याचे दाखवून आपल्या पद्धतीची उपयुक्तता आकड्यांनी पटविली.

बॉस्टनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट एमरी कॉडमन (१८६९–१९४०) यांनी या विचारास निश्चित रूप दिले. प्रत्येक रुग्णाचे एक पत्रक ठेवावे, वर्षभराने त्याची पुन्हा तपासणी करावी, उपचार अयशस्वी झाला असल्यास त्याचे कारण शोधावे आणि निष्कर्ष जाहीर करावेत, ही त्यांची ‘अंतिम फलित’ कल्पना होय. बढती सेवाज्येष्ठतेऐवजी फलितांवर आधारावी, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी १९१४ मध्ये मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलमधील पदाचा राजीनामा दिला. १९११ साली स्थापन केलेल्या आपल्या लहानशा रुग्णालयातून १९१६ पर्यंत बाहेर पडलेल्या ३३७ रुग्णांच्या बाबतीत त्यांनी १२३ चुका नोंदविल्या. ज्ञान, कौशल्य, निर्णय वा साधने यांतील उणीव आणि रोगाची असाध्यता अशी त्यांची वर्गवारी करून त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. स्वतःच्या चुकाही त्यांनी वगळल्या नाहीत. जानेवारी १९१५ मधील एका वैद्यकीय सभेत त्यांनी एक व्यंगचित्र उघड केले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग, म्हणजे शहरातील धनिक वर्ग, डॉक्टरांना सोन्याची अंडी पुरवीत आहे, असे ते चित्र होते. त्यामुळे मोठा क्षोभ उसळून त्यांना सभेच्या शस्त्रक्रिया विभागाचे अध्यक्षपद सोडावे लागले. हार्व्हर्ड विद्यापीठातील अध्यापनपदही गेले. पुढे त्यांचे रुग्णालय बंद पडले.

कॉडमन ज्या प्रमाणीकरण समितीचे अध्यक्ष होते, ती अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेची (स्थापना १९१३) होती. या संस्थेने १०० वा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा केवळ ८९ रुग्णालये किमान कसोट्यांस उतरली. नामांकित रुग्णालयेही अपात्र ठरल्यामुळे १९१९ मध्ये न्यूयॉर्क येथील हॉटेलाच्या भट्टीत ती यादी जाळून टाकण्यात आली. तथापि किमान कसोट्या टिकून राहिल्या आणि १९५१ मध्ये त्यांतूनच रुग्णालयांस मान्यता देणारा संयुक्त आयोग उदयास आला.

रुग्णांच्या स्थितीतील फरक हिशेबात घेण्याची सांख्यिकीय रीत विसाव्या शतकाच्या अखेरीस विकसित झाली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या ४४ रुग्णालयांत शुक्री खुरी (१९४३–२००८) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१–९३ मध्ये वय, सहव्याधी व शस्त्रक्रियापूर्व तपासण्या यांवरून अपेक्षित मृत्युसंख्या काढली आणि प्रत्यक्ष संख्येशी तिची तुलना केली. १९९४ मध्ये ही पद्धत या सेवेतील शस्त्रक्रिया होणाऱ्या सर्व रुग्णालयांस लागू झाली. त्यानंतरच्या काळात शस्त्रक्रियेपासून ३० दिवसांतील मृत्युप्रमाण सु. २७ टक्क्यांनी घटले; त्याचे सर्व श्रेय मात्र एकट्या या नोंदपद्धतीस देता येत नाही. नोंदीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथील बालहृदय-शस्त्रक्रियांच्या सार्वजनिक चौकशीने (१९९८–२००१) दाखविले. १९९१–९५ या काळात तेथे अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ अधिक अर्भके दगावल्याचा निष्कर्ष त्या चौकशीत निघाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ बाबींची सुरक्षा-तपासणीसूची तयार केली. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिच्या वापरानंतर मृत्युप्रमाण १·५ टक्क्यांवरून ०·८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट कॅनडातील आँटॅरिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात (२०१४) लक्षणीय घट आढळली नाही. त्यामुळे सुधारणेच्या उपायांचेही फलित मोजणे आवश्यक ठरते. आपल्या चुकांची नोंद करणारा शस्त्रवैद्य शिक्षेस पात्र न ठरता व्यवसायाचा मार्गदर्शक ठरावा, ही कॉडमन यांची अपेक्षा आजही पूर्णांशाने साध्य झालेली नाही.