मंगळवेढा तालुका : भूमी, धान्य आणि माणसे

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचा परिचय प्रायः ‘संतांची भूमी’ या शब्दांत करून दिला जातो. चोखामेळा, दामाजीपंत आणि कान्होपात्रा ही तीन नावे घेतली की तालुक्याचा इतिहास सांगून झाला, असा एक समज रूढ आहे. संतचरित्रांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि या चरित्रांतील प्रसंग ज्या वस्तूंभोवती घडतात, त्या धान्याचे कोठार, गावाची भिंत, परमुलखातील दरबार अशा ऐहिक वस्तू आहेत. त्यांच्या अंगाने पाहिल्यास याच कथांतून या भूमीचा सामाजिक व आर्थिक इतिहास वाचता येतो. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने मंगळवेढ्याचा विचार केला आहे.

भूमी

तालुक्याच्या उत्तरेस पंढरपूर व मोहोळ, पश्चिमेस सांगोला, पूर्वेस दक्षिण सोलापूर, तर दक्षिणेस सांगली जिल्ह्यातील जत तालुका व कर्नाटकाचा मुलूख आहे. भीमा नदी उत्तरेच्या बाजूने वाहते. माण नदी पश्चिमेकडून येऊन सरकोलीजवळ तिला मिळते. या दोन नद्यांच्या आसपासची जमीन खोल, काळी व चिकण आहे. दक्षिणेकडे जावे तसा मातीचा थर पातळ होत जातो आणि माळ सुरू होतो. एकाच तालुक्यातील या दोन जमिनींचा भेद पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

पर्जन्यछायेचा हा प्रदेश असल्याने पावसाचा भरवसा नाही. जो पाऊस पडतो तो मुख्यतः भाद्रपद-आश्विनात. काळी जमीन ते पाणी धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवरच वाढते. पेरणीनंतर पाऊस न पडताही पीक हाती येते, हे या मातीचे वैशिष्ट्य होय. येथील मालदांडी वाणातून मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात निवडलेला ‘एम 35-1’ हा वाण पुढे दख्खनभर पसरला. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. दाण्याइतकेच महत्त्व कडब्यालाही आहे, कारण दुष्काळात जनावर जगले तरच पुढच्या वर्षी नांगर चालतो. ज्वारी पेवात साठविण्याची या भागातील जुनी पद्धत हा एका अर्थाने न येणाऱ्या पावसाचा विमाच होता.

राजसत्ता व धान्य

अशा मुलखाकडे राजसत्तांचे लक्ष गेले नसते तरच नवल. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेल्या कलचुरींची मंगळवेढा ही राजधानी होती. त्यांच्यापैकी बिज्जलाने चालुक्यांचे सिंहासन बळकावले व सत्तेचे केंद्र कल्याणीस गेले. बिज्जलाच्या पदरी असताना महात्मा बसवेश्वरांनी आयुष्याचा काही काळ मंगळवेढ्यात घालविला, अशी परंपरा आहे. या भूमीचे कन्नड भाषेशी असलेले नाते तेव्हापासूनचे किंवा त्याहूनही जुने आहे.

पुढे बहमनी अमदानीत दामाजीपंतांचा प्रसंग येतो. मंगळवेढ्याचा हा अंमलदार दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी खुली करतो. बेदरचा बादशहा त्यास पकडून आणण्याची आज्ञा करतो. आणि विठ्ठल ‘विठू महारा’च्या रूपाने दरबारात जाऊन धान्याची किंमत भरतो, अशी ही कथा. लोकपरंपरेत हा दुष्काळ म्हणजे 1396 पासून बारा वर्षे चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ समजला जातो. परंतु त्या काळी बहमनी राजधानी गुलबर्ग्यास होती. ती बेदरला गेली ती पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. उलटपक्षी 1460 च्या सुमारास पडलेल्या दुष्काळाला दख्खनमध्ये ‘दामाजीपंताचा दुष्काळ’ या नावानेच ओळखले जात असे, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये आहे. बेदरचा उल्लेख ग्राह्य धरावयाचा तर ही दुसरी कालनिश्चितीच स्वीकारावी लागते.

हा केवळ सनावळीचा वाद नव्हे. सलग बारा वर्षे पाऊस नसता तर कोठारे कधीच रिकामी झाली असती. ती उघडून काय लाभ? एका-दोन वर्षांच्या अवर्षणात मात्र सरकारजमा धान्य आणि उपाशी रयत ही दोन्ही एकाच गावात असतात. पिकविणाऱ्याचे धान्य सत्तेच्या कुलुपात आणि पिकविणारा कोठाराच्या दारात, ही ती स्थिती. दामाजींच्या कथेचे सामर्थ्य या विसंगतीत आहे. महिपतीने ‘भक्तविजय’ 1762 मध्ये रचला. म्हणजे प्रसंगानंतर सुमारे तीन शतकांनीही ती विसंगती श्रोत्यांना ओळखीची वाटत होती. देवाने महाराचेच रूप घ्यावे यालाही कारण आहे. गावचा सरकारी भरणा व निरोप पोहोचविणे हे महाराचे वतनी काम होते. दरबारात पैसे घेऊन आलेला महार पाहून कोणासही आश्चर्य वाटले नसते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस याच भीमाकाठी, ब्रह्मपुरी येथे, औरंगजेबाची छावणी 1695 ते 1699 अशी चार वर्षांहून अधिक काळ होती; शेजारच्या माचणूरचा किल्ला आजही उभा आहे. एवढ्या अवाढव्य छावणीच्या दाण्या-वैरणीचा भार भोवतीच्या काळ्या रानांवर पडल्यावाचून राहिला नसेल.

भिंत

चोखामेळ्यांचा मृत्यू 1338 मध्ये मंगळवेढ्याचे कूस बांधताना, भिंत कोसळून झाला. वेठीने बोलाविलेले अनेक मजूर तिच्याखाली गाडले गेले. ज्यांना कुसाच्या आत घर बांधण्याची मुभा नव्हती, त्यांच्याकडूनच ते कूस बांधून घेतले जात होते, ही बाब चरित्रकारांनी क्वचितच अधोरेखित केली आहे. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ती समाधीही मंदिराबाहेरच राहिली. त्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. चोखोबांसह मेलेल्या इतर मजुरांची नावे मात्र कोणत्याही ग्रंथात नाहीत.

दक्षिणेकडील माळ

पटवर्धनांच्या अमलाखालील हा तालुका 1948 पर्यंत सांगली संस्थानात होता. सोलापूर जिल्हा ब्रिटिश मुलखात असल्याने त्याची महसुली कागदपत्रे वेगळी आणि मंगळवेढ्याची वेगळी. सोलापूरचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या हातून मंगळवेढ्याचा आर्थिक इतिहास निसटतो तो बहुधा यामुळे.

संतचरित्रांत न येणारा दक्षिण भाग तर आणखीच दुर्लक्षित आहे. हुलजंती, भोसे, नंदेश्वर या बाजूच्या गावांत धनगर समाज मोठा असून कन्नडही बोलली जाते. हुलजंतीच्या महालिंगरायाच्या यात्रेस दिवाळीत महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक व आंध्रातूनही भाविक येतात. पालख्यांच्या भेटी होतात आणि भंडारा व लोकर उधळली जाते. हा मेंढपाळांचा मुलूख आहे. येथे पेव भरण्याइतकी ज्वारी सहसा होत नाही. कळप घेऊन चाऱ्यामागे जाणे हाच येथला दुष्काळावरील जुना उपाय.

1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर तालुक्यातील हा भेद अधिक ठळक झाला. कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस आला, आणि तालुक्यातील सहकारी साखर कारखान्याला संत दामाजींचे नाव मिळाले. ज्वारीचे कोठार उघडणाऱ्याचे नाव उसाच्या कारखान्याला असावे, हे कालमानाचे द्योतक म्हणावे लागेल. माळावरील गावांना मात्र पाण्यासाठी दीर्घकाळ आंदोलने करावी लागली. दक्षिणेकडील 24 गावांसाठीच्या मंगळवेढा उपसा सिंचन योजनेला राज्य शासनाची मान्यता मिळाली ती 2024 मध्ये. ही गावे पूर्वीपासूनच इतकी कोरडी होती, की विहिरी, तळी व कुरणे मोडत गेल्याने ती तशी झाली, या प्रश्नाचे उत्तर संतचरित्रांत मिळणार नाही. ते संस्थानी काळातील पाहणीच्या व सारामाफीच्या कागदांत, गावनिहाय शोधावे लागेल.